दुपट्टा टाकून धरलेली सीट

पत्र:

ताई, मी २६ वर्षांची. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. मार्चपासून नागपुरात नोकरीला आहे, वानाडोंगरीला रूम, ऑफिस बर्डीला म्हणजे सीताबर्डीला, रोज सिटी बस. सकाळी चाळीस चाळीस मिनिटं बस नाही आणि आली की दोन एकामागोमाग. एकट्या मे महिन्यात सात लेट मार्क लागले. कंडक्टर चिल्लर नाही म्हणून तिकिटामागे दोन रुपये लिहून देतो आणि उतरताना गर्दीत ते राहूनच जातात. बाबा म्हणतात स्कूटी घे, अर्धा हप्ता मी भरतो. पण खरं सांगू का, संध्याकाळच्या बसमध्ये चार बायकांचा ग्रुप जमलाय, त्या माझ्यासाठी दुपट्टा टाकून सीट धरतात, खाऊ घालतात, ते सोडवत नाही. मागच्या शनिवारी एक म्हातारी बाई उभी होती तरी मी त्या धरलेल्या सीटवर जाऊन बसले. सुभाष नगर येईपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती. तेव्हापासून बसमध्ये चढतानाच कसंतरी होतं. स्कूटी घेऊ का? आणि त्या दुपट्ट्याचं काय करू?
– वानाडोंगरीची

उत्तर:

अगं पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, बाहेर ४५, घरात कूलरची मोटर जळलेली, आणि अर्धं पत्र वाचूनच मी मनात म्हटलं की घेऊन टाक बाई स्कूटी, आजच घे. मग पत्र बाजूला ठेवून दिलं. नवतप्यात मी कोणालाच सल्ला देत नाही, स्वतःलासुद्धा नाही, आमच्या घरात त्या नऊ दिवसांत नोकरी सोडायचे, घर बदलायचे आणि एकदा तर नवरा सोडायचेही निर्णय झालेले आहेत, पहिल्या पावसात सगळे रद्द. आता दोन सरी पडून गेल्या, डोकं ताळ्यावर आहे, म्हणून लिहायला बसले.

तू दोन प्रश्न विचारले आणि तुला वाटून राहिलं की दोन्ही एकाच बसबद्दल आहेत. मला नाही तसं वाटत. तुझी सकाळची बस आणि संध्याकाळची बस ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रस्ता तोच असला, भाडं तेच असलं तरी. सकाळी तुझ्या मागे ऑफिसचं थंब मशीन लागलेलं असतं. संध्याकाळी काय असतं? रूमवर जाऊन कुकर लावायचा, झालं. स्वतःचं पत्र परत एकदा वाचून बघ, वैताग जवळजवळ सगळा सकाळचा आहे आणि जीव सगळा संध्याकाळी अडकलाय (तो दुपट्टा सोडून, त्याच्याकडे येतेच). आणि बाबा जी स्कूटी घेऊन द्यायला निघाले ती सकाळचा प्रश्न सोडवता सोडवता संध्याकाळ पण घेऊन जाणार, हे तुला आतून कळून राहिलं म्हणून तू पत्र लिहिलं, नाही तर शोरूममध्ये गेली असतीस.

आधी ते दोन बस एकदम यायचं प्रकरण बघू. मलाही वर्षानुवर्षं वाटायचं की ड्रायव्हर लोक डेपोत चहा पीत बसतात आणि मग जोडीनं निघतात, मी तर एकदा दोघांना स्टॉपवरच तसं सुनावलं पण होतं. माझा भाचा व्हीएनआयटीत, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, सिव्हिलला होता, त्यानं मला एकदा कस्तुरचंद पार्कजवळ पोह्याच्या गाडीवर उभं राहून हे समजावलं, हातात तर्री पोह्याची प्लेट आणि दोन चण्याच्या दोन बस. म्हणे मावशी, समज दोन गाड्या पंधरा-पंधरा मिनिटांनी सुटल्या. पुढची कुठे तरी दोन मिनिटं अडकली, एखादा ट्रक आडवा आला, सिग्नल लागला, काहीही. तेवढ्या वेळात पुढच्या स्टॉपवर चार माणसं जास्त जमली. ती चढणार, त्यांची तिकिटं फाडणार, म्हणजे गाडीला अजून उशीर, म्हणजे त्याच्या पुढच्या स्टॉपवर अजून जास्त माणसं. आणि मागच्या गाडीचं बरोबर उलटं, तिची माणसं पुढचीनं उचलून नेली, ती रिकामी, कुठे थांबायचं कामच नाही, पळत सुटते आणि बर्डी येईपर्यंत पहिलीच्या शेपटीला येऊन लागते. कोणाचा आळस नाही, कोणाची मिलीभगत नाही. न्यूवेल आणि पॉट्स नावाच्या दोघांनी १९६४ सालीच याचं गणित मांडून ठेवलंय म्हणे, म्हणजे जगभर लोक स्टॉपवर उभे राहून हेच बडबडत असणार.

हे सांगून त्यानं माझ्या प्लेटमधला चणा खाल्ला, म्हणजे मागची बस गेली, पण पुढचं जे सांगितलं ते तुझ्या जास्त कामाचं. समज बसमधलं अंतर एकदा ५ मिनिटं आणि एकदा २५ मिनिटं असं आहे. सरासरी किती? १५. म्हणजे आपण म्हणणार की साधारण साडेसात मिनिटं थांबावं लागेल. पण आपण स्टॉपवर कधीही जाऊन उभे राहतो, आणि २५ चा गॅप पाचपट लांब म्हणून आपण त्यात सापडायची शक्यताही पाचपट, त्यामुळे सरासरी थांबणं निघतं जवळपास ११ मिनिटं. गाड्या तेवढ्याच, कागदावरचं टाइमटेबल तेच, आणि तरी माणूस जास्त वेळ उभा. मी त्या दिवशी पोहे अर्धवट टाकून म्हटलं, म्हणजे मी बावीस वर्षं बरोबरच चिडत होते.

तर जोडी आली की पहिलीत घुसू नको. सगळे पहिलीत घुसतात कारण इतका वेळ उभं राहून कोणाला धीर नसतो. तू दुसरीत चढ, ती रिकामी असते, बसायला मिळतं आणि कितीतरी वेळा ती पुढच्या दोन स्टॉपमध्ये पहिलीला मागे टाकून निघून जाते, तेव्हा खिडकीतून पहिलीतल्या लोंबकळणाऱ्या लोकांकडे बघायचं जे सुख आहे ते जरा वाईट सुख आहे पण आहे. मोबाईलवर गाडी कुठपर्यंत आली ते दिसतं हल्ली, ते बघत जा, फक्त त्यातल्या मिनिटांवर भरवसा ठेवू नको, गाडीचा ठिपका हलतोय का तेवढं बघ.

पण खरं सांगू, सकाळी हे सगळं करायची गरजच नाही. तुझ्या आख्ख्या पत्रात मेट्रो हा शब्द नाही! वानाडोंगरीहून शेअर ऑटोनं लोकमान्य नगर स्टेशन काही लांब नाही, अ‍ॅक्वा लाइन तिथूनच सुटते, म्हणजे शेवटचं स्टेशन म्हणून बसायला जागा, आणि सरळ सीताबर्डी. २०२० च्या जानेवारीपासून चालू आहे ही. पंचवीसएक मिनिटांत तू बर्डीत, तेही एसीत, वरून. सुभाष नगरच्या पुढे अंबाझरीचं पाणी दिसतं, ते सकाळी बघून ऑफिसात गेलेला माणूस जरा बरा वागतो असं माझं निरीक्षण आहे. तू मेट्रो का नाही धरली हे मी ओळखू शकते, ऑटो अधिक मेट्रो म्हणजे बसपेक्षा महाग, जिने चढा, आणि तिथे कोणी कोणाशी बोलत नाही, सगळे कानात बोंडं घालून बसलेले. हो, नाही बोलत. पण सकाळी साडेनऊच्या आधी तुला कोणाशी बोलायचंय? सकाळी बोलणं नको, वेळेवर पोचणं हवं. सात लेट मार्कांमध्ये पगार कापला जात असेल तर ते पैसे धर, आणि ऑटो-मेट्रोचा वरचा खर्च धर, कागदावर मांड, मला वाटतं फार फरक निघणार नाही. बसचा महिन्याचा पास काढला असशील तर तो संपू दे, मग ठरव. रोज नसेल झेपत तर निदान सोमवारी आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तरी मेट्रो, कारण साहेब लोकांची नजर तेव्हाच कडक असते. बस लेट झाली हे कारण कोणत्याही ऑफिसात तीनदाच चालतं गं, चौथ्यांदा सांगितलं की ते बसचं नाही, तुझंच कारण होतं.

आता स्कूटी. मी स्कूटीच्या विरोधात नाही, माझ्या दोन्ही पोरी चालवतात. पण हिशोब तरी बघ. समज ८० हजारांचं लोन तीन वर्षांसाठी, हप्ता अडीच हजाराच्या वरच जातो. वानाडोंगरी ते बर्डी जाऊन-येऊन २७-२८ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस धर, म्हणजे ७०० च्या आसपास, गाडीनं चाळीसचं अ‍ॅव्हरेज दिलं तर साडेसतरा लिटर, आणि पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे तेच अठराशे. सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, पंक्चर धरलंच नाही. बर्डीत गाडी लावायला जागा शोधायची म्हणजे अजून वीस मिनिटं, ती पण लेट मार्कातच मोजली जातात बरं का. हिंगणा रोडवर एमआयडीसीचे ट्रक. मे महिन्यात संध्याकाळी सहा वाजता पण तोंडाला दुपट्टा गुंडाळून, हातमोजे घालून, तापलेल्या सीटवर बसून जावं लागतं ते वेगळंच. आणि पावसात, तुला माहीत नसेल तू तेव्हा इथे नव्हतीस, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे असा काही पाऊस झाला की अंबाझरी ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि मोरभवनच्या बसस्टँडवर बस पाण्यात उभ्या होत्या. बस जिथे बुडते तिथे स्कूटीचं काय होतं ते माझ्या शेजाऱ्यांना विचार, त्यांनी आठ दिवस मेकॅनिककडे रांग लावली होती.

अजून एक, हे तुझ्या बाबांना वाचून दाखवू नको. अर्धा हप्ता बाबा भरणार म्हणजे अर्धी गाडी त्यांची, आणि अर्ध्या गाडीचा मालक रोज रात्री फोन करून विचारतो की आज कुठे कुठे नेली होती. प्रेमानं विचारतात, मान्य आहे. बसला कोणी विचारत नाही.

रात्री-बेरात्री दवाखान्यात जायचं, सामान आणायचं, मैत्रिणीकडे जायचं, याला गाडी हवीच, आज ना उद्या तू घेशीलच. फक्त ती सकाळच्या रागात घेऊ नको.

चिल्लरचं म्हणशील तर मी अर्धी कंडक्टरच्या बाजूनं आहे. सकाळची पहिली फेरी, बोहणीची वेळ, आणि प्रत्येक जण पाचशेची नोट काढणार, तो काय घरून चिल्लर आणून राहिला का? पण अर्धी तुझ्या बाजूनं पण आहे, कारण दोन रुपये दोन रुपयेच असतात. तिकिटामागे लिहून दिलं की ते तिकीट पर्समध्ये कोंबायचं नाही, हातात धरून ठेवायचं, दिसेल असं. आणि तुझ्या स्टॉपवर मागायचं नाही, दोन स्टॉप आधीच मागायचं, उतरताना मागशील तर मागचे लोक ढकलतात आणि कंडक्टरची बेल वाजून जाते. त्याहून सोपं म्हणजे घरात एक डबी ठेव चिल्लरची. दहाचं नाणं कोणी नाही म्हटलं तर ऐकून घेऊ नको, रिझर्व्ह बँकेनं २०१८ च्या जानेवारीतच सांगून ठेवलंय की तोवर निघालेले दहाच्या नाण्याचे १४ प्रकार सगळे चालतात. आणि आपल्या गावात तर बँक समोरच आहे, संविधान चौकात, जुने लोक अजून त्याला आरबीआय चौकच म्हणतात. मी एकदा एका कंडक्टरला खिडकीतून बोट दाखवून म्हटलं होतं की भाऊ, ते बघा, तिथे जाऊन विचारून या, मी गाडी धरून ठेवते. हसला आणि घेतलं नाणं.

आता तुझी संध्याकाळ. ती का सोडवत नाही ते मला कळतं. एप्रिलमधली गोष्ट सांगते, खूप जुनी नाही. मी बर्डीहून बसमध्ये, सहाची वेळ, खच्चून गर्दी, आणि एक माणूस वाळ्याच्या चार ताट्या घेऊन चढला. कूलरला लावायच्या, नवीन, सुतळीनं बांधलेल्या, त्याच्या डोक्याच्याही वर. सगळे ओरडले, कंडक्टर म्हणे लगेज लागेल, तो म्हणे ताट्याले कोनतं लगेज, वजन त नाही काही, कंडक्टर म्हणे वजन नाही पण जागा त आहे नं बे. शंकर नगरपर्यंत हे चाललं. मग एका बाईनं बाटलीतलं पाणी हातावर घेऊन त्या ताटीवर शिंपडलं, काय मनात आलं तिच्या कोण जाणे. खिडकीतून गरम झळा येतच होती, ती त्या ताट्यांतून आली आणि आख्ख्या बसमध्ये वाळ्याचा वास. दोन मिनिटांत दहा बाटल्या उघडल्या, पोरं, म्हातारे, सगळे त्याच्या ताट्या भिजवून राहिले, तो माणूस म्हणे अहो घरी नेऊन लावायच्या आहेत, कोणी ऐकेना. कंडक्टरनं लगेज घेतलं नाही शेवटी. आपल्याकडच्या संध्याकाळच्या बसमध्ये असं काही तरी घडतं, रोज नाही, पण पंधरा दिवसांतून एकदा तर घडतंच, आणि ते स्कूटीवर घडत नाही, मेट्रोत तर ताट्या घेऊन वरच जाऊ देणार नाहीत बहुतेक.

(जाता जाता, मे महिन्यात घरी जाताना दाराच्या बाजूची खिडकी धर. बर्डीहून हिंगण्याकडे जाताना संध्याकाळचं ऊन ड्रायव्हरच्या बाजूनं येतं. त्या चौघींना विचार, त्या नक्की दाराच्याच बाजूला बसत असतील.)

तर दुपट्टा. माझी गोष्ट ऐक आधी. नव्वदच्या दशकातली आहे, शहरातली बस तेव्हा एसटीच चालवायची. मी सक्करदऱ्याहून चढायचे, मैत्रीण बडकस चौकातून, आणि मी तिच्यासाठी बाजूच्या सीटवर माझी डब्याची पिशवी ठेवायचे, रोज. लोक विचारायचे, मी म्हणायचे आहे कोणी तरी, येऊन राहिली. एक दिवस बडकस चौकाच्या आधीच्या स्टॉपवर एक म्हातारी चढली, नऊवारी पातळ, कमरेत वाकलेली, कोणाला काही विचारलं नाही, सरळ आली आणि पिशवीवर बसली. पिशवीत डबा, डब्यात पाटोडीचा रस्सा. झाकण कधी निघालं कळलं नाही, मला आधी वास आला. मग तिला ओलं लागलं. उठली, मागे वळून बघितलं, पातळावर हा एवढा तेलाचा लाल डाग, आणि मला म्हणे, "कोनाचं वं हे?" मी म्हटलं माझं मावशी, मैत्रिणीसाठी सीट धरली होती. तर ती म्हणे, "सीट काय घरून आनली का वं तू?"

बस अशी हसली की ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं. मला वाटलं जमीन फाटावी. मी रुमालानं पुसायला गेले तर तिनं हात झटकला, परत तिथेच बसली, आता पिशवी मांडीवर घेऊन, आणि बर्डी यायच्या जरा आधी म्हणाली की रस्सा चांगला झाला दिसते, वास येऊन राहिला. मैत्रीण त्या दिवशी उभी आली आणि दुपारी आम्ही दोघींनी नुसत्या पोळ्या खाल्ल्या. त्यानंतर मी सीट धरली नाही असं नाही. धरली. खोटं कशाला बोलू. पण कोणी म्हातारं माणूस चढलं की माझाच हात आपोआप पिशवीकडे जायचा.

तू म्हणतेस ती बाई तुझ्याकडेच बघत होती. असेल, किंवा नसेलही, म्हातारी माणसं बसमध्ये कुठे तरी एका जागी डोळे लावून उभी राहतात, पडू नये म्हणून. पण तुला ते टोचलं ना, मग तुला उत्तर माहीत आहे, तू माझ्याकडून फक्त त्या चौघींना कसं सांगायचं ते मागून राहिलीस.

सांगूच नको. बसमध्ये चार बायकांना तत्त्व समजावून सांगायला गेलीस तर तुझंच मरण. तू फक्त एक कर, चढलीस की आधी आजूबाजूला बघ. कोणी म्हातारं नाही, कडेवर पोर घेतलेली नाही, पोटुशी नाही, तर खुशाल जाऊन बस, दिवसभर काम करून तू पण दमलेलीच असतेस, आणि बसायचा हक्क फक्त दुखऱ्या गुडघ्यांनाच असतो असं मी मानत नाही. पण कोणी असलं, तर बसायच्या आधीच, बसून मग उठायचं नाही, आधीच, दुपट्टा उचल, घडी घालून ज्या काकूंचा आहे त्यांच्या हातात दे आणि जरा मोठ्यानं म्हण, आजी, या इकडे, तुमच्यासाठी धरली होती. एवढंच. सीट चौघींनीच धरली, पुण्य चौघींनाच मिळालं, आजी त्यांनाच आशीर्वाद देणार. रागवायला त्यांना जागाच राहत नाही.

तरी रागवतील थोडं. एखादी म्हणेल की आम्ही लोकांशी भांडून धरतो आणि ही दान करते. दोन दिवस तोंड वाकडं राहील. त्या दोन दिवसांत तू उभी राहूनच त्यांच्याशी बोल, दांडा धरून, त्यांच्याच सीटला टेकून, म्हणजे त्यांना कळेल की तू सीटसाठी येत नव्हतीस. आणि एक लक्षात आलं का तुझ्या, त्या खाऊ घालतात असं लिहिलंस, तू त्यांच्यासाठी कधी काही नेलंस ते कुठेच नाही पत्रात. तीन महिने झाले बाई! रूमवर राहतेस म्हणून त्या समजून घेत असतील, पण गावाला जातेस तेव्हा आईला सांग, ती काही तरी बांधून देईल, शंकरपाळे म्हण, शेव-चिवडा म्हण, जे मुरतं आणि सांडत नाही असं. तसंही गावी जाताना एसटीत २०२३ च्या मार्चपासून तुला अर्धंच तिकीट लागतं, तेवढ्या वाचलेल्या पैशात चौघींचं होऊन जाईल. रस्सा मात्र नको, तो अनुभव मी तुझ्यासाठी घेऊन ठेवलाय.

आणि एखाद्या दिवशी त्यांनी सीट धरलीच नाही तर लगेच मनाला लावून घेऊ नको. त्यांच्यातल्या एखादीच्याच घरी काही तरी झालेलं असतं बहुतेक वेळा, बसमधली मैत्री अशीच असते, चार महिने रोज बोलतो आणि समोरचीचं आडनाव माहीत नसतं. निदान फोन नंबर घेऊन ठेव एकीचा.

बाबांना काय सांगायचं? नाही म्हणू नको, बाप माणसाला नाही म्हटलं की ते दुसऱ्या दिवशी ॲडव्हान्स भरून येतात. सांग की दसऱ्यापर्यंत थांबा, मुहूर्तावर घेऊ. तोवर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सकाळी मेट्रो, संध्याकाळी बस, असं चार महिने करून बघ, लेट मार्क मोज, पैसे मोज. तेव्हाही स्कूटी हवीच वाटली तर घे, माझ्याकडून पेढे पण देईन. फक्त दसऱ्याच्या दिवशी शोरूमला जायला निघशील तर बसची वाट बघत बसू नको हं, त्या दिवशी दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, तिकडचे अर्धे रस्ते बंद आणि गाड्या कुठून कुठून फिरवून नेतात. त्या दिवशी संध्याकाळी पण मेट्रोच.